बूट पार्टिशन बॅकअपमधून वगळावं का?

केळीचं_पान (जळगाव):
आमच्या जिनिंगच्या सर्व्हरचं रोज सी ड्राइव्ह आणि डेटा एवढंच बॅकअपमध्ये उचलतो, बूटचं पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा वेगळा भाग) सोडून देतो. त्यात आपलं असतं काय? मागे जुनं मशीन बीआयओएसवालं (मशीन सुरू करायची जुनी पद्धत), नवं यूईएफआयचं (नवी पद्धत). सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवली, तर मशीन उठेना. शेवटी नवं ईएफआय पार्टिशन (यूईएफआयचं बूट पार्टिशन) केलं, बीसीडीबूट (त्यात विंडोजच्या बूट फाइली टाकणारी कमांड) मारलं, दोन मिनिटांत काम. तेव्हापासून वगळतोच.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
नाही पटत भो. विंडोजचं ईएफआय पार्टिशन असतं १०० एमबीच्या आसपास. ते वाचवून कोणती कोठी भरणार? आणि तुमची दोन मिनिटं मला तीन तास पडली. मे महिना, लाइट गेलेली, पतसंस्थेबाहेर खातेदार उभे. ईएफआयला ड्राइव्ह लेटर नव्हतं, घाईत मी बीसीडीबूटला सीचंच अक्षर देत होतो. फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, शोधतं फॅट३२ फॉरमॅटचं पार्टिशन, सी पडला एनटीएफएस फॉरमॅटचा. उठेल कसं?

केळीचं_पान:
जागेचं मी बोललोच नाही. चुकीचं बूट नव्या मशीनवर उतरू नये, एवढंच म्हणणं.

गिरणाकाठ:
मग घ्या आणि उतरवू नका! रिस्टोअर करताना टिक काढता येते. घेतलंच नसेल तर टिक कशावर करणार?

सातपुडा_रूट (शहादा):
लिनक्सवर तर वगळणं अंगाशी येतं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) वेगळ्या बूट पार्टिशनवर, त्याचे मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरे) रूटमध्ये, म्हणजे मुख्य पार्टिशनवर. रूट महिन्याभरापूर्वीचं उतरवलं, बूट आजचं ठेवलं, मधे कर्नल अपडेट झालेला. मशीन वर येतं, पण नेटवर्क कार्ड मेलेलं, कारण या कर्नलचे मॉड्यूल जुन्या रूटमध्ये नाहीतच. दूरून लॉगिनही गेलं. धुळ्याला गाडी काढून जावं लागलं. दोन्ही एकाच वेळचे हवेत. शिवाय बूट नव्याने फॉरमॅट केलं की यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, बदलतो. एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) तसाच राहिला तर थेट इमर्जन्सी मोड, मशीन अर्ध्यातच थांबतं.

केळीचं_पान:
लिनक्सचं मान्य. पण मदरबोर्डच बदलला तर? बूटची नोंद बोर्डाच्या मेमरीत असते, ती कोणत्याच डिस्क बॅकअपमध्ये येत नाही. म्हणजे तुमचा पूर्ण बॅकअपही अर्धाच.

गिरणाकाठ:
नोंद नसली तर फर्मवेअर ठरलेल्या जागची बूटएक्स६४ फाइल शोधतं. ती कुठे असते सांगू? तुम्ही वगळता त्याच पार्टिशनवर.

केळीचं_पान:
हं. रविवारी गोदामातल्या जुन्या डेस्कटॉपवर दोन्ही तऱ्हा करून बघतो. तोवर टिक लावून ठेवतो, विंडोजला सुद्धा.