निवती-भोगवे : आईबाबांसोबत निवांत मुक्काम, माहिती हवी आहे

फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीला जायचं मनात आहे. तारकर्ली-देवबागला हल्ली स्कूबा आणि बनाना राइडची फार वर्दळ असते. कर्ली खाडीच्या दक्षिणेला भोगवे-निवती त्यामानाने अजून शांत आहे म्हणतात. आम्हाला ठिकाणं उरकायची नाहीत, समुद्राजवळ बसायचंय. बाबा सोलापूरकडचे, सगळी नोकरी तिकडेच झाली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात ते मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघायची, एवढी एकच त्यांची फर्माईश आहे.

राहायला निवती बंदराजवळ बरं की भोगव्यात? बाबांचे गुडघे दुखतात, चढउतार नको. आई मासे खात नाही. घरगुती खानावळीत तिला काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी असं साधं जेवण मिळेल का? पुण्याहून गाडीने यायचं तर कुठल्या घाटाने?

आणि मुख्य म्हणजे, रापण चालू असताना जवळ गेलेलं चालतं का? लोकांचं ते पोटापाण्याचं काम. मोबाईल पुढे करून मध्ये घुसणं मला अजिबात पटत नाही.

प्रतिसाद

माझं आजोळ तिथल्या जवळच्याच परुळ्याला, म्हणून लिहिते. भोगव्यात राहा, पण किनाऱ्यालगत माडांतलं घर बघा. टेकडीवरच्या घरांतून समुद्र सुरेख दिसतो, बाबांना मात्र रोजची चढण होईल. निवतीच्या किल्ल्याचंही तेच.

गाडीचा हट्ट नसेल तर पनवेलहून कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळला उतरा, तिथून रिक्षा. गाडीनेच येणार असाल तर आंबोली घाट उजेडी उतरा. रोख पैसे कुडाळलाच काढून ठेवा. आईच्या जेवणाचं खोली ठरवतानाच सांगा, वेगळी भांडी हवी असतील तर तेही.

रापण रोज लागतेच असं नाही. मासळी किनाऱ्याजवळ आली की होडी अर्धगोल जाळं सोडत जाते, मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढतात. ओढायला वेळ लागतो, बाबांसाठी घडीची खुर्ची न्या. घरमालकांना आदल्या रात्री सांगून ठेवा, ते उठवतील. बघायला कुणाची ना नसते. दोरांच्या मध्ये जाऊ नका आणि फोटो विचारून काढा. मासळी घ्यायची तर आधी त्यांचे वाटे होऊ द्या.

खाडीच्या मुखाशी मात्र पाण्यात उतरू नका, ओढ फार असते.