मदत हवी आहे : पीएचडीचा गाईड ठरवताना एच-इंडेक्सवर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याकडचा, हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. प्रश्न भाचीचा आहे. पोरीनं अमरावती विद्यापीठातून बायोटेकमध्ये एम.एस्सी. केलं, नेट होऊन जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली, आणि आता न्यूरोसायन्सच्या पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झालीय, दोन्ही महाराष्ट्राबाहेर. आमच्या खानदानात या वाटेनं कोणीच गेलं नाही, त्यामुळे गावात विचारावं तरी कोणाला.

एका सरांचा गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची गूगलची साइट) एच-इंडेक्स 46 आहे, दुसऱ्या मॅडमचा 15. भाऊजी म्हणतात, "काहून एवढा इचार करता, मोठा आकडा तिकडे पाठवा." पोरीचा ओढा मॅडमकडे आहे पण आकडा पाहून तीही कचरतेय.

मी जेवढं वाचलं त्यावरून, एच-इंडेक्स 46 म्हणजे 46 पेपर असे की प्रत्येकाला निदान 46 सायटेशन आहेत, म्हणजे दुसऱ्या पेपरांत त्याचा तेवढ्यांदा दाखला दिलाय. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये हे माप काढलं. पण हा आकडा कधी कमी होतच नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो, मग पंचवीस वर्षं काम केलेल्या सरांची आणि आता आता लॅब सुरू केलेल्या मॅडमची तुलना या एका आकड्यावर कशी करायची?

म्हणून काल रात्री लाईन आल्यावर दोघांच्या पेपरची यादीच उघडून बसलो. सरांचे सगळ्यात जास्त सायटेशनवाले पेपर बघितले तर बरेचसे रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा, आणि काही एमआरआयचे मोठे प्रकल्प, ज्यात शेकडो लेखकांत सरांचं नाव कुठेतरी मधात. मॅडमचे पेपर थोडे, पण जवळपास प्रत्येकात शेवटचं नाव त्यांचं आणि पहिलं नाव वेगवेगळ्या पोरापोरींचं. जीवशास्त्राच्या पेपरात शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं आणि पहिलं ज्यानं हातानं काम केलं त्याचं, एवढं मला कळलंय. मग पोरीच्या दृष्टीनं हेच जास्त महत्त्वाचं नाही का?

सायटेशन जास्त म्हणजे काम खरंच, असंही दिसत नाही. अल्झायमरवरचा 2006 चा नेचरमधला एक पेपर दोन हजारांवर वेळा उद्धृत झाला आणि 2024 मध्ये चित्रांत फेरफार निघाल्यामुळे मागे घ्यावा लागला. म्हणजे इतकी वर्षं लोक त्याचा दाखला देत होते!

जेआरएफ आणि तिच्यापुढची एसआरएफ मिळून फेलोशिप पाचच वर्षं, त्यानंतर घरून पैसा देणं आम्हाला जमणार नाही बावा. म्हणून जाणकारांनी सांगा, असं रेकॉर्ड वाचायचं कसं, आणि लॅबमधले विद्यार्थी वेळेत बाहेर पडतात का हे कुठे बघायचं?

प्रतिसाद १
सर, तुम्ही बरोबर दिशेनं चाललाय. आधी एक तपासा, ते 46 खरंच त्यांचेच आहेत का. आपल्याकडे आडनाव आणि आद्याक्षरं सारखी असली की गूगल स्कॉलर दुसऱ्याचे पेपर एकाच्या खात्यात घालतो, त्यामुळे ऑर्किड आयडी (ORCID, प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक) असेल तर त्याच्याशी ताडून बघा. शिवाय गूगल स्कॉलरवर थीसिस, प्रीप्रिंटमधले (तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर) दाखलेही मोजतात, त्यामुळे आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसपेक्षा फुगतो. मग मागच्या पाच वर्षांचे पेपर वेगळे काढा, ज्यात गाईड शेवटचे लेखक आहेत तेवढेच, आणि पहिलं नाव कोणाचं ते लिहून घ्या. तीच दोन-तीन नावं फिरून फिरून येत असतील तर नवीन पोरांना काय मिळतं ते विचारा.
शोधगंगा या भारतातल्या पीएचडी थीसिसच्या साइटवर गाईडचं नाव टाकलं तर त्यांच्या हाताखाली झालेले थीसिस दिसतात, सगळ्या संस्था टाकत नाहीत पण बघून घ्या. पेपर कोणत्या जर्नलमध्ये आहे म्हणून इम्पॅक्ट फॅक्टर मोजत बसू नका, तो जर्नलची सरासरी सांगतो, त्या एका पेपरबद्दल काही सांगत नाही.

प्रतिसाद २
न्यूरोसायन्समध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा, उंदरांवर काम असलं तर एकेका पेपरला तीन-चार वर्षं सहज जातात, एमआरआयचा तयार डेटा वापरणाऱ्यांचे लवकर निघतात. त्यामुळे दोन लॅबचे पेपर नुसते मोजून तुलना करू नका. भाचीला नेमकं कोणत्या कामात रस आहे?

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. तिला झोप आणि स्मरणशक्तीवर, उंदरांवरच काम करायचंय, मॅडमचं तेच आहे. दोन्हीकडच्या आताच्या आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना मेल करायला तिला सांगितलंय. किती वर्षं लागली, पहिला पेपर कधी निघाला, फेलोशिप संपल्यावर गाईडनं प्रोजेक्टमधून पगार दिला का, एवढं विचारणार आहे. आणखी काही विचारावं असं वाटत असेल तर आज-उद्यात सांगा, होकार या शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे.