शुई छिंगशिया: खेळाडू ते कोच, यांच्याबद्दल कुणी नीट सांगेल का?

कृष्णाकाठची_मिडफिल्डर, सांगली

नमस्कार मंडळी. मी कॉलेजला असताना युनिव्हर्सिटीपर्यंत फुटबॉल खेळले, मिडफिल्डला. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ सुटला. आता इथल्या एका शाळेतून विचारणा झालीय की मुलींची टीम घेशील का. अठरा पोरी आहेत, निम्म्यांकडे स्टडचे शूज नाहीत, पण सकाळी सहाला ग्राउंडवर हजर. मला हो म्हणायचंय पण धाकधूक आहे, घरचे म्हणतात खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

२०२२ ची महिला फुटबॉलची एशियन कप फायनल मी मोबाईलवर बघितलेली, नवी मुंबईत झालेली ती. चीन हाफ टाइमला ०-२ ने मागे होता आणि शेवटी ३-२ ने जिंकला. तेव्हा त्यांच्या कोच शुई बाई सतत लाइनवर उभ्या दिसायच्या, नंतर कळलं त्या पण मिडफिल्डरच होत्या. त्यांचा प्रवास कुणाला माहीत असेल तर प्लीज लिहा.

साताऱ्याचे_पीटी_सर

ताई, आधी हो म्हणून टाका, बाकीचं मग बोलू.

शुई बाई शांघायच्या, जन्म १९६६ चा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला महिला फुटबॉल पहिल्यांदाच आलं, त्या चीनच्या टीममध्ये त्या होत्या. सेमीत ब्राझीलला ३-२ ने हरवलं, फायनल अमेरिकेकडून १-२ ने गेली, सिल्व्हर मिळालं. त्या मॅचला ७६ हजारांवर लोक होते, मुलींच्या मॅचला बरं का! खेळणं थांबल्यावर त्या शांघायच्या मुलींना शिकवू लागल्या.

आता त्यांच्या हातात नॅशनल टीम कशी आली ते बघा. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकला चीनचं पार पानिपत झालेलं, ब्राझीलकडून ०-५, झांबियाशी ४-४, नेदरलँड्सकडून २-८. त्याच नोव्हेंबरात बाईंना टीम दिली. आधी स्वीडनच्या, फ्रान्सच्या बाया कोच होऊन गेल्या होत्या, पण स्वतःच्या देशातली बाई पहिल्यांदाच. आणि जेमतेम दोन महिन्यांत एशियन कप.

सेमी तर आपल्या बालेवाडीत झाली, ३ फेब्रुवारीला, समोर जपान. एक्स्ट्रा टाइममध्ये १-२ ने मागे, आणि ११९ व्या मिनिटाला कॅप्टन वांग शानशानने बरोबरी केली, मग पेनल्टीवर ४-३. ही वांग शानशान मूळची स्ट्रायकर, पण बाईंनी तिला गरजेप्रमाणे डिफेन्सलाही खेळवलं आणि स्पर्धेची बेस्ट प्लेअर तीच ठरली. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध ६८ व्या मिनिटाला तांग जियालीची पेनल्टी, चारच मिनिटांत झांग लिनयानचा हेडर, आणि इंजुरी टाइममध्ये शियाओ युईने काम तमाम केलं. झांग आणि शियाओ दोघीही बेंचवरून आलेल्या! कोच कशाला म्हणतात ते इथं कळतं ताई, ०-२ असताना कुणाला उठवायचं हे ओळखणं. २००६ नंतर पहिल्यांदा चीनने कप उचलला.

मिरज_जंक्शन

सरांनी भारी लिहिलंय, पण पुढचंही सांगायला पाहिजे, नायतर ताईंना वाटेल सगळं गोडच असतंय. २०२३ च्या वर्ल्ड कपला ह्याच टीमला इंग्लंडने ६-१ ने धुतलं आणि ग्रुपमधूनच घरी. हांगझोऊच्या एशियन गेम्सला घरच्या मैदानावर ब्रॉन्झ मिळालं, पण पॅरिस ऑलिंपिकचं क्वालिफिकेशन पण हुकलं आणि मग टीम ऑस्ट्रेलियाच्या कोच मिलिचिचकडे गेली. दोन वर्षांत डोक्यावर घेतलं आणि खाली उतरवलं. मला तरी त्या बाईंचा आदर ह्याच्यामुळं कमी होत नाही, उलट टोकियोला झालेली ती अवस्था बघून ज्यांनी टीम हातात घेतली त्यांचं काळीज मोठंच म्हणायचं.

आणि एक, डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा कोर्स करून टाका. फुटबॉल फेडरेशनचा असतो, कुठं बॅच लागतेय त्यावर लक्ष ठेवा. आमच्या भावाने केला, त्याला ड्रिल कसं मांडायचं, ते प्लास्टिकचे कोन किती अंतरावर ठेवायचे, पोरींना एका वेळी किती सांगायचं हे सगळं तिथंच समजलं. खेळताना आपण नुसतं पळतो, दुसऱ्याला सांगायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत.

साताऱ्याचे_पीटी_सर

मिरजकर बरोबर बोलले. ताई, गुडघा सांभाळा, डेमो स्वतः द्यायला जाऊ नका, एखाद्या चलाख पोरीला पुढं करा. आणि स्टडचं म्हणाल तर आमच्याकडं दहावी झालेल्या मुलींचे शूज आम्ही धुवून, नंबरप्रमाणे पोत्यात भरून ठेवतो. सातारा ते सांगली एसटीने कुणीतरी येतंच, नंबर कळवा.

कृष्णाकाठची_मिडफिल्डर, सांगली

सर, मिरजकर, खरंच खूप आभार. झांग आणि शियाओ बेंचवरून आलेल्या हे माझ्या लक्षातच नव्हतं. आमच्यातली एक पोरगी आहे, आठवीतली, बारीक चणीची, तिला सगळे राखीवच ठेवतात आणि ती लाइनच्या बाहेर उभी राहून दर वेळी बॉल कुणाकडे जाणार ते आधीच ओरडून सांगते. सोमवारी शाळेत जाऊन हो सांगते. शूजचे नंबर उद्या घेते, चार नंबरचे सहा जोड तरी लागतील असं वाटतंय.