वाचला नसेल, पण हिशेब पक्का होता
इराणचा अणुकरार झाला (इराणने अणुकार्यक्रम आवरायचा, बदल्यात त्याच्यावरचे आर्थिक निर्बंध उठवायचे) तेव्हा तेहरानमध्ये लोक रस्त्यावर नाचले. त्यावर 'करार वाचला तरी होता का नाचणाऱ्यांनी?' असा टोमणा इथे कुणीतरी मारलाय, तो अर्धाच पटला. वाचला नसणारच. पुरवण्यांसकट १५९ पानं, युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचं, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा, असल्या भानगडी. पण १४ जुलै २०१५ ला रोजा सोडून तेहरानच्या रस्त्यावर उतरलेल्यांना त्यातलं सेंट्रीफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारं यंत्र) कळायची गरजच नव्हती, बँक कळत होती.

इथल्या चर्चेत एक गोष्ट आलीच नाहीये. मार्च २०१२ मध्ये या निर्बंधांपायी इराणी बँका स्विफ्टमधून (देशोदेशीच्या बँका ज्यावरून पैशांचे व्यवहार कळवतात ते जाळं) तोडल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात रियाल, म्हणजे इराणचं चलन, धाडकन कोसळला. तेव्हा आमच्या कोंढव्यातल्या फ्लॅटमध्ये दोन इराणी पोरं भाड्याने राहायची. (पुण्यात इराणी म्हटलं की आपल्याला बन-मस्काच आठवतो, ते सोडा.) घरून पैसे यायचे ते कुणी ओळखीचं विमानाने येणार असेल तर, रोख डॉलरमध्ये. फीची तारीख उलटायची, भाडं दोन-दोन महिने थकायचं. आईने तर सरळ सांगून टाकलं होतं, 'असू दे रे, पळून थोडीच जातायत.' त्यातला धाकटा कराराच्या दुसऱ्या दिवशी काजूकतलीचा बॉक्स घेऊन दारात. अणुबिणू काही नाही, पहिलं वाक्य: 'काकू, आता बाबा बँकेतून पैसे पाठवतील!'

८ मे २०१८ ला ट्रम्पनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं, तोवर तो शिक्षण संपवून शिराझला परतला होता. मेसेज केला, तर उत्तरात नुसता रियालमधला डॉलरचा भाव.