मदत हवी आहे: ताणाचे मूळ नेमके कसे शोधावे?

नमस्कार. गेले तीन महिने मला पहाटे चारच्या सुमारास जाग येते, तेव्हा जबडा आवळलेला असतो, आणि दिवसा कुणी साधा प्रश्न विचारला तरी उत्तर देताना माझा आवाज चढतो. डॉक्टरांना तपासण्यांमध्ये काही दोष आढळला नाही. त्यांनी ताण कमी करायला सांगितले. पण तो कशाचा आहे, हेच मला उमगत नाही.

होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली मांडलेली, ताण आणणाऱ्या ४३ प्रसंगांची यादी मी पडताळून पाहिली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५० गुण आहेत, म्हणजे आनंदाचा बदलही ताणातच मोजला जातो, याचे नवल वाटले. मात्र माझ्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच आलेले नाही.

माझा संशय बारीकसारीक गोष्टींवर आहे. रात्री अकरा वाजता फोनवर कामाचा निरोप येतो, तो मी उघडत नाही, तरी पडद्यावर दिसलेली अर्धी ओळ झोप लागेपर्यंत डोक्यात घोळत राहते. संकट टळले की अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके ओसरावीत, अशी शरीराची योजना आहे. न उघडलेला निरोप मात्र टळतच नाही.

ज्यांनी आपल्या ताणाचे मूळ शोधले आहे, त्यांनी नोंदी प्रसंग घडताच केल्या की रात्री आठवून? कामाचा ताण आणि अपुऱ्या झोपेने येणारी चिडचिड वेगळी कशी ओळखली? समुपदेशकाकडे जाताना अशा नोंदींचा उपयोग झाला का? प्राणायामाचा सल्ला कृपया नको, तो मी करतोच आहे.