हायडन कुणाचाच ‘सर्वांत आवडता’ का नसतो?

अनुमंद्र

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारे चार जण एकत्र आले की आवडता संगीतकार कोण, हा विषय निघतोच. बाख, मोझार्ट, बीथोव्हन ही नावं ठरलेली. मग कुणी ब्राम्स म्हणतं, कुणी माहलर, कुणी शूबर्ट. हायडनचं नाव निघालं की सगळे मान डोलावतात, ‘हो, मोठाच माणूस’ म्हणतात, आणि गाडी पुढे जाते. त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. माझा तो सर्वांत आवडता आहे आणि हे मला मनापासून खटकतं.

खुद्द मोझार्टनं १७८५ साली सहा क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना) छापली ती हायडनला अर्पण करून. बीथोव्हन व्हिएन्नात आला तो याच्याकडे शिकायला. म्हणजे ज्यांना आपण आवडते म्हणतो त्यांना हा माणूस किती मोठा आहे ते नेमकं ठाऊक होतं. मग ऐकणाऱ्यांपर्यंत ते का पोचलं नाही?

मला वाटतं, एक कारण त्याच्या आयुष्यात आहे. मोझार्ट पस्तिसाव्या वर्षी गेला, बीथोव्हनला ऐकू येईनासं झालं, शूबर्ट तर एकतिसाव्या वर्षीच गेला. हायडन (१७३२–१८०९) सत्त्याहत्तर वर्षं जगला आणि त्यातली जवळजवळ तीस वर्षं एस्तरहाझी या सरदार घराण्याच्या नोकरीत नेमानं काम करत राहिला. १७६१च्या करारात त्यानं कोणता पोशाख घालायचा इथपर्यंत कलमं होती. रचनाही सगळ्या मालकाच्या, बाहेर कुणाला द्यायच्या नाहीत. ती अट उठायला १७७९ उजाडलं. अशा आयुष्याची दंतकथा होत नाही, आणि आपण संगीत ऐकताना नकळत दंतकथाही ऐकत असतो.

दुसरं कारण म्हणजे आकडा. एकशे चार क्रमांकित सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना! नवखा माणूस शिरणार कुठून?

माझ्यापुरतं सांगतो. माझा कान ख्यालावर पोसलेला. एकच मुखडा घेऊन तासभर त्यातून नवं काही काढत राहणं मला परकं नाही, आणि हायडन नेमका तेच करतो. सिम्फनी क्र. १०४ची पहिली मुव्हमेंट (रचनेचा स्वतंत्र भाग) घ्या. रिवाजाप्रमाणे दुसऱ्या पट्टीत गेल्यावर दुसरी धून यायला हवी. हा पंचमाला षड्ज मानून तीच पहिली धून पुन्हा मांडतो. पुढे मधल्या भागात त्या धुनेचा एक बारकासा तुकडा, एकाच स्वरावरचे ठोके आणि त्यांची शेपटी, एवढ्यावर अख्खा डोलारा उभा करतो. इतक्या कमी भांडवलावर इतकं मोठं काम करणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

आणि क्र. ८८ची संथ मुव्हमेंट. पहिल्या मुव्हमेंटमध्ये ट्रम्पेट आणि टिंपनीला (मोठ्या नगाऱ्यांना) एकही सूर दिलेला नाही; ते वादक नुसते बसून असतात. मग संथ मुव्हमेंट सुरू होते, ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि एकटा चेलो (खर्जातलं, व्हायोलिनच्या जातीचं वाद्य) मिळून एक लांब, सरळ धून गातात. ती पुन्हा पुन्हा येते. धून जवळपास तीच, भोवतीची साथ तेवढी बदलते. आपण पूर्ण स्थिरावलो की एकदम अख्खा वाद्यवृंद कडाडतो आणि ट्रम्पेट-टिंपनीचा आवाज पहिल्यांदा कानावर पडतो, तोही जिथे त्यांची अजिबात अपेक्षा नसते अशा जागी. मी ही जागा माहीत असूनही दर वेळी सावरून बसतो.

तुमच्यापैकी कुणाचा हायडन सर्वांत आवडता आहे का? नसेल, तर का नाही? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

शूबर्टवेडा

माझा नाही, आणि का नाही ते प्रामाणिकपणे सांगतो. हायडन ऐकताना मला एक विलक्षण बुद्धिमान माणूस समोर बसलाय असं वाटतं. त्याच्या सहवासात आनंद होतो, पण आतून हलत नाही मी. शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटमध्ये (पाच तंतुवाद्यांच्या रचनेत) हलतो.

ती रचना १८२८ची, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षातली. दोन चेलो आहेत. संथ मुव्हमेंटमध्ये मधली तीन वाद्यं अतिशय लांब सूर धरून असतात, इतके लांब की लय चालू आहे की थांबली तेच कळेनासं होतं. खाली दुसरा चेलो एकेक तार छेडतो, वर पहिलं व्हायोलिन तुटक तुटक बोलतं. बस्स, एवढंच. मग मधला भाग येतो तो वादळासारखा, आणि त्यानंतर पहिला भाग परततो तेव्हा तो पूर्वीसारखा राहिलेला नसतो. ही रचना त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही, १८५३ उजाडावं लागलं.

तुम्ही म्हणाल ही दंतकथेचीच ओढ. नाही. त्याच्या आयुष्याबद्दल काहीही ठाऊक नव्हतं तेव्हाही या संगीतानं मला असंच धरून ठेवलं होतं. आवडता म्हणजे ज्याच्याकडे आपण वाईट दिवशी जातो तो, माझ्या लेखी तरी. हायडनकडे मी चांगल्या दिवशी जातो.

मधला_आवाज

मी व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवते, हौशी क्वार्टेटमध्ये. त्यामुळे माझं उत्तर ऐकणारीचं कमी आणि वाजवणारीचं जास्त आहे: हो, हायडनच. सिम्फनी बाजूला ठेवा, तो खरा क्वार्टेटमध्ये भेटतो.

ओपस (रचनासंचाचा क्रमांक) २० (१७७२) मधलं दुसरं, सी मेजर क्वार्टेट काढा. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन चक्क गप्प असतं. धून चेलोकडे, त्याच्या जोडीला दुसरं व्हायोलिन, आणि खालचा आधार व्हायोलानं धरायचा! एरवी आम्ही मधल्या जागा भरायला असतो. इथे चेलो गातोय आणि त्याच्या पायाखालची जमीन माझ्या हातात आहे. पहिल्यांदा वाजवताना माझा गज थरथरत होता. याच क्वार्टेटचा शेवट चार विषयांच्या फ्यूगनं (आवाज एकामागून एक तीच धून उचलत जातात अशा रचनेनं) होतो आणि वर सूचना काय, तर सबंध वेळ दबक्या आवाजात वाजवा. चौघंही एकमेकांचं ऐकल्याशिवाय ते साधतच नाही. जरा कुणी पुढे घुसला की सगळं गढूळ होतं.

आणि अनुमंद्र, तुम्ही ख्यालाचं म्हणता तर ओपस ७६ मधल्या तिसऱ्या क्वार्टेटची दुसरी मुव्हमेंट तुमच्यासाठीच आहे. धून हायडनची स्वतःची, सम्राट फ्रान्झसाठी १७९७ साली केलेल्या गीताची; आज जर्मनीचं राष्ट्रगीत त्याच चालीवर आहे. इथे तिच्यावर चार व्हेरिएशन्स (एकाच धुनेच्या वेगवेगळ्या मांडण्या) आहेत, पण धून सबंध मुव्हमेंटभर बदलतच नाही. आधी पहिलं व्हायोलिन ती मांडतं, मग दुसरं व्हायोलिन घेतं, मग चेलो, मग व्हायोला, आणि शेवटी पुन्हा पहिलं. बदलतं ते फक्त भोवतालचं. दुसऱ्या व्हायोलिनची पाळी असते तेव्हा तर फक्त दोनच वाद्यं वाजतात, बाकी आम्ही दोघं ऐकत बसतो. आणि माझी पाळी येते तेव्हा वरच्या आवाजांच्या सुरावटी इतक्या तिरक्या होत जातात की तीच ओळखीची धून एकदम दुखरी वाटायला लागते. मी एकही सूर वेगळा वाजवत नसते.

शूबर्टवेडा, हायडननं आतून हलत नाही म्हणालात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ते तिसरं व्हेरिएशन एकदा व्हायोलावर कान ठेवून ऐका.

संथ_लय

मला वाटतं दोष बराचसा आपल्याला तो कसा ऐकवला जातो त्याचा आहे. कार्यक्रमात हायडनची सिम्फनी असते ती बहुतेक वेळा सुरुवातीला, लोक येऊन बसेपर्यंत. मध्यंतरानंतर ब्राम्स किंवा माहलर, आणि तालीम सगळी त्याची झालेली. मोठ्या वाद्यवृंदात ते बारीक काम चिखलात रुतल्यासारखं होतं. एस्तरहाझींकडची मंडळी फार थोडी होती. १७६१च्या क्र. ६, ७ आणि ८ (सकाळ, दुपार, संध्याकाळ) ऐका. जवळपास प्रत्येक वादकाला त्यात स्वतःची जागा दिली आहे. नव्या नोकरीत सहकाऱ्यांना आपलंसं करण्याची याहून चांगली रीत नाही.

क्र. ४५बद्दलही बोलायला हवं. सगळे गोष्ट तेवढी सांगतात: राजवाड्यातला मुक्काम लांबला, वादकांना घरी जायचं होतं, म्हणून शेवटी एकेक वादक उठून जातो आणि दोनच व्हायोलिनं उरतात. हकीकत त्याच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनीच नोंदवली आहे, पण तिच्यामुळे पहिल्या मुव्हमेंटकडे कुणी लक्ष देत नाही. एफ शार्प मायनर, त्या काळच्या सिम्फनीत सहसा न सापडणारी पट्टी. सुरुवातीपासून नुसता रेटा, कुठेही विसावा नाही. मग मधल्या भागात कुठून तरी एक शांत धून उगवते, डी मेजरमध्ये. आपल्याला वाटतं आता ही पुन्हा येईल. ती येत नाही. सबंध सिम्फनीत पुन्हा कधीच नाही.

रेकॉर्डिंग म्हणाल तर संचालक अंताल दोरातीचा पूर्ण संच (फिलहार्मोनिया हंगारिका, १९६९ ते १९७२) मला अजून प्रिय आहे. संचालक अॅडम फिशरनं सगळ्या सिम्फनी ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाटच्या एस्तरहाझी वाड्यातच ध्वनिमुद्रित केल्या. तिथल्या दालनाचा घुमारा वेगळाच आहे. क्र. १ पासून ओळीनं ऐकायला मात्र बसू नका.

अनुमंद्र

क्र. ४५ मधल्या त्या डी मेजर धुनेबद्दल अगदी अगदी. गोष्ट बाजूला ठेवून ऐकली की ती सिम्फनी केवढी वाढते!

शूबर्टवेडा, तुमचं ‘वाईट दिवशी कुणाकडे जातो’ हे मला पटलं, पण माझं उत्तर वेगळं येतं. मी क्र. १०२च्या अदाज्योकडे, म्हणजे संथ मुव्हमेंटकडे जातो. ट्रम्पेट आणि टिंपनी दोन्हींवर म्यूट (आवाज दाबणारं आच्छादन) आहे, ती दुरून आल्यासारखी वाजतात, आणि आत एकटा चेलो सतत विणत असतो. हेच संगीत त्याच्या एका पियानो ट्रिओतही आहे, तिथे एफ शार्प मेजरमध्ये. तीन वाद्यांत ऐकलं की अधिकच जवळचं होतं. शिवाय स्पेनमधल्या काडिझसाठी केलेली ख्रिस्ताच्या शेवटच्या सात वचनांवरची रचना आहे. एकामागून एक सात संथ मुव्हमेंट! श्रोता न थकवता हे करणं सोपं नव्हतं, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. विलंबिताची आवड असणाऱ्या माणसानं ती चुकवू नये.

मधला_आवाज, ओपस २०साठी कुठलं रेकॉर्डिंग घेऊ? व्हायोला नीट ऐकू यायला हवा.

मधला_आवाज

क्वाट्युओर मोझाईक या चौकडीचं. तारा आतड्याच्या आहेत, त्यामुळे मधले आवाज वरच्यांखाली दबत नाहीत, प्रत्येकाचा पोत वेगळा कळतो. दुसऱ्या क्वार्टेटनं सुरुवात करा, मग पाचवं, एफ मायनर. ओपस ७६साठी टाकाच क्वार्टेट घ्या. तिथे वाद्यं आधुनिक आहेत, पण चौघं इतकी जवळ बसून बोलतात की काही हरवत नाही.

शूबर्टवेडा

ते तिसरं व्हेरिएशन व्हायोलावर कान ठेवून आत्ता लागोपाठ ऐकलं. आवडता अजून शूबर्टच. पण ‘हलत नाही’ हे वाक्य मागे घेतो. १०२ आता लावतोय, आधी ट्रिओ आणि मग सिम्फनी.