सफाईचा ठेका दिला, स्टॅम्पवर "सगळी जबाबदारी ठेकेदाराची" लिहून घेतलं, तर बिल्डिंगमालक सुटते का?

बिल्डिंगवाला_आर्वी
नमस्कार मंडळी. आर्वीले बसस्टँडच्या रोडवर आमची तीन मजली बिल्डिंग हाय, खाली सहा दुकानं, पहिल्या मजल्यावर डॉक्टरचा दवाखाना, वर पोरींचं होस्टेल. बाबानं चार एकर वावर विकून बांधली, घर त्याच्याच भाड्यावर चालते. आधी एक मावशी झाडझूड करत होत्या, त्या थकल्या म्हणून दोन महिन्यापासून ठेका दिला. चार माणसं येतात दिवसभरासाठी, महिन्याचे ३८ हजार. ५०० च्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की पगार, अपघात, काहीही झालं तर जबाबदारी ठेकेदाराची, मालकाचा संबंध नाही. मले वाटलं झालं काम.

मागच्या मंगळवारी संडासची टाकी भरली अन खालच्या दुकानाच्या मोरीतून पाणी उलटं यायले लागलं. ठेकेदारानं दोन पोरं पाठवली, सोबत एक बांबू, नायलॉनची दोरी अन दोन बादल्या, बस. मी खाली आलो तेव्हा झाकण बाजूले होतं अन एक पोरगा, असंन विशी-बाविशीचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसून पाय आत सोडत होता. मी दंड धरून मागं ओढला त्याले. ठेकेदाराले फोन लावला तर म्हणते "भाऊ हे रोजचंच हाय, काही झालं तर माह्या अंगावर घेतो". तेव्हापासून रात्री झोप नाही. खरंच त्याच्याच अंगावर राहते का? अन पगार, पीएफ हे पण माह्याकडं येऊ शकते का?

लेबरलॉ_यवतमाळ
भाऊ, तुम्ही त्याला मागं ओढलं हे फार मोठं काम झालं. आता स्पष्ट सांगतो, तो स्टॅम्प तुमच्या दोघांतला आहे. उद्या ठेकेदारावर वसुलीचा दावा लावायला तो कामी येईल, पण सरकारपुढं अन कामगारापुढं तो तुम्हाला वाचवत नाही.

सगळ्यात आधी टाकी. २०१३ चा हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा आहे, त्याच्या कलम ७ मध्ये शब्दच असे आहेत की कोणतीही व्यक्ती, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावू शकत नाही. म्हणजे ठेकेदारामार्फत लावला तरी तुम्ही आलेच त्याच्यात. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा झालं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र आहे, अन कुणी मरावं लागत नाही, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवला एवढंच पुरे. मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत २०१९ ला तिघं गेले, साधी राहती सोसायटी होती, हायकोर्टानं २०२१ मध्ये त्यांच्या बायकांना १०-१० लाख द्यायला लावले सरकारला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूंच्या भरपाईचा आकडा ३० लाखांवर नेला.

आता पैशाचं. ३८ हजार भागिले चार, साडेनऊ हजार, त्यातून ठेकेदार स्वतःचं काढणार. आठ तासाच्या पूर्ण दिवसाला महाराष्ट्राचं किमान वेतन ह्याच्यात बसतच नाही, म्हणजे तुम्ही रेट ठरवला तेव्हाच कायदा मोडला गेला, अन चौकशी झाली तर "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा नाही कारण रेट तुम्हीच कबूल केला. कंत्राटी कामगारांचे वेगळे नियम ५० माणसांपासून लागू होतात, त्यात तुम्ही नाही, पण किमान वेतनाला अशी सूट नाही. पीएफ २० पासून, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) १० पासून, अन इथं लोक फसतात, कारण ठेकेदाराची सगळ्या साइटची माणसं मिळून मोजतात, तुमच्याकडचे चारच नाही. ईएसआयसीत मुख्य मालकानं, म्हणजे ज्यानं ठेका दिला त्यानं, आधी भरायचं अन मग ठेकेदाराच्या बिलातून कापायचं असा नियम आहे, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आले, कलमांचे नंबर बदलले, तत्त्व तेच राहिलं.

अपघाताचं पण ऐका. ४० वर्षांचा माणूस, पगार १२ हजार, कामावर मेला तर नुकसानभरपाईचा हिशोब ६००० गुणिले १८४.१७, म्हणजे ११ लाख ५ हजारांच्या वर. भाड्यानं देणं हाच तुमचा धंदा असेल तर सफाई त्याच धंद्याचा भाग आहे असं म्हणून ते तुमच्यापर्यंत आणता येते. ठेकेदाराला वर्कमन पॉलिसी (कामगाराच्या अपघाताच्या भरपाईचा विमा) काढायला लावा अन कॉपी स्वतःच्या फाइलला ठेवा.

संत्रावाला_वरूड
सर, तुमचं सगळं बरोबर पण आमच्यासारख्या गावातल्या मालकानं कराचं काय? दुकानाचं भाडं तीन हजार, त्यातही सहा महिने कोणी देत नाही. मी तर म्हणतो ठेका बंद करून आपलीच दोन माणसं ठेवा, कटकट नाही.

लेबरलॉ_यवतमाळ
दादा, आपली ठेवली तर सरळ तुम्हीच मालक, जबाबदारी एक आण्यानं कमी होत नाही. हो, एक फायदा नक्की आहे, मधला कमिशनवाला जाते अन तोच पैसा माणसाच्या हातात पडते. चारच्या जागी दोन माणसं ठेवा पण पूर्ण वेतनावर, मला तरी हेच पटते.

सफाई_सुपरवायझर
मी अकरा वर्षं ह्याच कामात हाय म्हणून लिहितो. आमचे मामा एका लॉजच्या टाकीत उतरले होते. उतरायच्या आधी बिडीचं बंडल अन काडेपेटी ओली होऊ नये म्हणून विटेवर ठेवली. पाच मिनिटं पण झाली नसतील, आवाज नाही, काही नाही. मी उडी माराले गेलो तर लोकांनी धरून ठेवलं, म्हणून आज लिहून राहिलो. बिडीचं बंडल तसंच होतं तिथं. लॉजवाला म्हणे ठेकेदाराशी बोला, ठेकेदाराचा फोन बंद. मामीले आजपर्यंत एक रुपया भेटला नाही.

आतल्या गॅसचा वास सुरुवातीले सडक्या अंड्यासारखा येते अन जास्त झाला की नाकच बंद पडते, वास येईनासा होते, माणसाले वाटते गॅस गेला. काडी पेटवून पाहाची पद्धत तर अजिबात नाही, भडका होते. तोंडाले दुपट्टा बांधून काही फरक पडत नाही. टाकी सक्शन गाडीनंच खाली कराची, नगर परिषदेत अर्ज द्या नाहीतर प्रायव्हेट टँकर बोलवा, पण माणूस आत नाही म्हणजे नाही, गाळ खाली राहिला तरी नाही.

अन भाऊ, तुमच्याकडं दवाखाना हाय न? सुया, पट्ट्या, रक्ताच्या नळ्या घंटागाडीत जाऊन राहिल्या का ते पाहून घ्या. ते २०१६ च्या नियमानं सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात अन बाकीचं ठरलेल्या रंगाच्या पिशव्यांत, वेगळ्या गाडीनं जाले पाहिजे. आमच्या एका बाईच्या तळहातात सुई घुसली होती, सहा महिने रक्त तपासत होती ती, घरी कोणाले सांगितलं पण नाही.

बिल्डिंगवाला_आर्वी
सुपरवायझर दादा, दोनदा वाचलं तुमचं. काय बोलू.

आज केलं ते सांगतो. टाकीच्या झाकणाले कडी लावून कुलूप ठोकलं, किल्ली माह्याजवळ. नगर परिषदेत अर्ज दिला, सक्शन गाडी गुरुवारी येणार. डॉक्टरसाहेबांकडं गेलो तर पिवळी पिशवी वर होती पण खाली येता येता सगळं एकाच ड्रममध्ये पडत होतं, ते त्यायच्या डोळ्यासमोर दाखवलं, उद्यापासून वेगळं ठेवतो म्हणाले. ठेकेदाराले सांगितलं की पगार ७ तारखेच्या आत बँकेत टाक अन पासबुकची झेरॉक्स बिलासोबत आण, नाहीतर बिल निघत नाही. तो चिडला, म्हणते एवढ्या रेटमध्ये परवडत नाही. मी म्हटलं रेट वाढवतो, माणसं कमी कर, पण पैसा त्यायच्याच खात्यात दिसला पाहिजे.

तो पोरगा आज भेटला. म्हणे त्या दिवशी उतरलो नाही म्हणून ठेकेदारानं माही हजेरी कापली. लेबरलॉ सर, ती हजेरी मी माह्या हातानं दिली तर चालते का, का ठेकेदाराकडूनच द्यायला लावू?

लेबरलॉ_यवतमाळ
आज तुम्हीच देऊन टाका, सही घ्या, अन पुढच्या बिलातून तेवढं कापा. ठेकेदाराला कारण लेखी कळवा.